लोखंड बाहेर ठेवा

सरांच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर आधी डोक्यातल्या पिना काढाव्या लागत. दारात स्टुलावर एक निळी प्लास्टिकची टोपली असे आणि टोपलीवर सरांच्या हातची पाटी : 'लोखंड बाहेर ठेवा.' किल्ल्या, पट्टा, मोबाइल, पर्सची साखळी, सगळं त्या टोपलीत. एवढ्यानं भागलं तर ते सर कसले! ते स्वतः दारात असले तर गळ्यातलं होकायंत्र समोरच्याच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत फिरवत. सुई जरा हलली की म्हणत, "काहीतरी आहे. पुन्हा बघ." मग पुन्हा बाहेर जायचं आणि स्वतःलाच चाचपत बसायचं. करमाडहून पहिल्या बसनं येताना नीट घातलेला माझा अंबाडा रोज त्या दारात सुटे. पुढं अख्ख्या कॉलेजात माझी ओळखच 'ती केस मोकळे सोडून फिरणारी' अशी झाली. दोन बायकांनी मला बाजूला घेऊन समजावूनही पाहिलं. त्यांना काय सांगणार, की माशांसाठी सोडलेत म्हणून?

मासे म्हणजे बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे असलेले झेब्रा मासे. सकाळी दिवा लागला की यांची मादी अंडी घालते. अंडं काचेसारखं आरपार दिसतं. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर आत काळीज उडताना दिसतं आणि तिसऱ्या दिवशी पिल्लू बाहेर येतं. मी ते काळीज पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सर शेजारी उभे होते. म्हणाले, "बघ, केवढं मोठं काम चाललंय आणि आवाज नाही." एरवी मला सरांचा राग येण्याचे प्रसंग पुष्कळ आले, पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांना बरंच काही माफ केलेलं आहे.

सरांचा एकच प्रश्न होता. पृथ्वी हा एक मोठा चुंबक. प्रत्येक जीव त्या चुंबकाच्या पोटात जन्माला येतो. मग या चुंबकाचं त्या जीवाशी काही देणंघेणं आहे की नाही? "बाळ जन्मलं की डॉक्टर वजन घेतो, वेळ लिहितो," ते म्हणत. "उत्तर दिशा कुठल्या अंगाला होती हे कोणी लिहितं का?" कोणीच लिहीत नाही, हे खरं आहे. पण म्हणून लग्नाच्या पंगतीत बसल्यावर होकायंत्र काढून पाट फिरवून घ्यायची गरज नव्हती. ते फिरवून घेत. शेजारचा पाहुणा आपोआप फिरे.

त्यांच्या चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या असत, कारण स्क्रू लोखंडाचा. स्कूटर विभागापासून दोनशे पावलांवर कडुनिंबाखाली लावत आणि उन्हातून चालत येत. डबा पितळेचा. कोणी स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं तर आधी पेल्याला चुंबक लावून बघत. चिकटला नाही की पेल्याकडं कौतुकानं बघून पाणी पीत. आणि हातात पेन असलं की समोर येईल त्या कागदावर 'तपासले' असं लिहून सही करत. पोरांच्या वह्या, रजेचे अर्ज, एकदा तर लग्नाची पत्रिकासुद्धा.

प्रयोग असा होता. आतली खोली काळ्या कागदानं बंद केलेली. खोलीत दोन ओटे. उजव्या ओट्यावर तांब्याच्या तारेची दोन मोठी वेटोळी, त्यांच्यामध्ये अंड्यांची बशी. तारेत वीज सोडली की बशीभोवती चुंबक तयार होई. डाव्या ओट्यावर तशीच बशी, पण तारेशिवाय. छतावरचा दिवा दोन्हींना सारखा, तोही घड्याळावर : सकाळी सातला लागणार, रात्री नऊला विझणार. बाकी वेळ काळोख. "आधी चुंबक, मग उजेड," सर म्हणत. "एका वेळी एकच."

वेटोळी शहागंजाकडच्या एका मोटार वाइंडिंगवाल्या उस्तादानं गुंडाळून दिली. त्यानं माप तीनदा विचारलं आणि शेवटी न राहवून म्हणाला, "साब, बुरा मत मानो, इसमें मच्छी तलते क्या?" सरांनी त्याला दुकानात उभ्या उभ्या अर्धा तास पृथ्वीचा चुंबक समजावला. उस्तादानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मतलब तलते नहीं."

वेटोळी ओट्यावर सिमेंटनं पक्की बसवली, उत्तर-दक्षिण बघून. आता ती हलवायची सोय राहिली नाही. मग सरांचं लक्ष थर्मामीटरकडं गेलं. त्याच्या टोकाला लोखंडी कडी होती. सरांनी थर्मामीटरला उजव्या ओट्याकडं जायला बंदी केली. तापमान डाव्या बशीचं घ्यायचं आणि दोन्हीकडं तेच समजायचं, असं ठरलं. आज मागं वळून बघताना वाटतं, तिथंच मी तोंड उघडायला हवं होतं. पण मी तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई. सर दोन वर्षांनी निवृत्त होणार होते, त्यांची जागा निघणार होती आणि तोवर पीएच.डी. हातात पडली तर माझा विचार होणार होता. नाही पडली तर करमाडची पहिली बस आणि तासाचा हिशेब आयुष्यभर. अशा माणसाला थर्मामीटरची कडी दिसत नाही.

प्रयोगशाळेची किल्ली मामांकडं असे. मामा आमचे परिचर, सिल्लोडकडच्या एका वाडीचे. घरी पिढीजात मेंढरं. भाऊ अजून मेंढरांमागं, हे मात्र कॉलेजात लागले. पहाटे साडेपाचला येऊन दार उघडत, माशांचं पाणी बघत आणि झाडून घेत. सरांवर त्यांची श्रद्धा होती. सरांचं म्हणणं त्यांना कळत होतं असं नाही, पण नियम मात्र ते मोडत नसत.

आत न्यायच्या वस्तूंचा एक तक्ता दाराला चिकटवला होता. ज्याला काही आत न्यायचं असेल त्यानं ते सरांना दाखवायचं, सर चुंबक लावणार, होकायंत्र धरणार आणि तक्त्यात नोंद करणार. माझ्या आईच्या सोन्याच्या बांगड्या, हरकत नाही. प्लास्टिकचा कंगवा, हरकत नाही. प्राचार्यांचा गुडघ्याचा पट्टा, सक्त मनाई. त्याच तक्त्यात एका आठवड्यात मामांच्या नावावर ओळीनं चार नोंदी झाल्या : पितळी निरांजन, हरकत नाही. कापसाची वात, हरकत नाही. तूप, हरकत नाही. काडेपेटी (लाकडी), हरकत नाही. प्रत्येकापुढं 'तपासले' आणि सरांची सही. निरांजनाला चुंबक चिकटला नाही म्हणून सर इतके खूष झाले होते, की त्यांनी ते हातात घेऊन मला दाखवलं. "बघ, जुन्या लोकांना पितळेचं कळत होतं."

आधी तारेत वीज न सोडता फेऱ्या करायच्या होत्या. त्या आम्ही दिवाळीच्या सुट्टीत उरकल्या. मामा गावी गेलेले, झाडू मीच मारला. दोन्ही बश्यांतली पिल्लं बरोबरीनं बाहेर आली. मग सुट्टी संपली, मामा आले, तारेत वीज सोडली आणि तिसऱ्या दिवशी उजव्या बशीतली पिल्लं डावीकडच्यांच्या कितीतरी तास आधी फुटून पोहायला लागली. पुढच्या फेरीला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. सर त्या दिवशी स्कूटर कडुनिंबाखालीच विसरून घरी चालत गेले.

बातमी प्राचार्यांच्या कानावर गेली आणि तिथून वर्तमानपत्रात. 'चुंबकाने मासे लवकर जन्मतात' असा मथळा आला. प्राचार्यांनी 'चुंबकीय मत्स्य संशोधन केंद्र' अशी पाटी रंगवायला टाकली, कारण सात महिन्यांनी कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार होती. वेरूळकडचा एक शेततळेवाला तर थेट सरांना भेटायला आला. त्यानं लग्नातल्या डीजेचे फुटके स्पीकर फोडून त्यातली चुंबकं दोरीनं तळ्यात सोडली होती. म्हणाला, "मासं काय वाढलं नाय सर, पर तळ्यातून पावशेरभर खिळं निघालं!" सरांनी त्याला चहा पाजला आणि दिशा चुकली असेल म्हणून सांगितलं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते, कारण त्याशिवाय हे व्यक्तिचित्र म्हणजे नुसती थट्टा होईल.

एकदा बस लवकर पोचली. मी पिना टोपलीत टाकून आत गेले, तर आतल्या खोलीच्या काळ्या पडद्याखाली पिवळी रेघ दिसली. सातला अजून बराच वेळ होता. पडदा बाजूला केला. उजव्या ओट्यावर वेटोळ्यांना अगदी लागून निरांजन तेवत होतं आणि समोर मामा मांडी घालून बसले होते.

"मामा, हे काय?"

"दिवा हाये ताई."

"इथं कशाला?"

"आवो, बाळंतिणीची खोली अंधारी ठिवत नसत्यात," मामा म्हणाले. "आमच्याकडं मेंढी व्यायला झाली तरी कंदील टांगत्यात. इथं तर हजारभर जीव हायेत. अन् ह्या बिचाऱ्यांना तारंत बांधलंय, म्हणून ह्यांच्याशेजारी ठिवतो. त्या तिकडच्या मोकळ्याच हायेत. सातला वरचा दिवा लागला की ह्यो इझवून ठिवतो."

मी बशीच्या काचेला बोट लावलं. काच कोमट होती. मग डाव्या बशीला लावलं, ती गार होती.

मी प्राणिशास्त्राची एम.एस्सी. कोमट पाण्यात माशाचं अंडं लवकर फुटतं, हे मी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना स्वतः शिकवत होते. मला त्याच क्षणी सगळं कळलं. आणि मी पडदा पुन्हा खाली सोडला. स्वतःला म्हटलं, एवढ्याशा ज्योतीनं काय होतंय. माझा अर्धा प्रबंध टाइप होऊन पडला होता. पुढचे चार महिने मी मुद्दाम सातनंतर पोचत राहिले.

पुढं मामांच्या मुलीचं लग्न निघालं आणि ते आठ दिवस रजेवर गेले. त्या आठ दिवसांत चुंबक बंद पडला. म्हणजे तारेत वीज होती, वेटोळी ठीक होती, पण दोन्ही बश्या बरोबरीनं फुटल्या. सरांनी तार तपासली, उस्तादाला बोलावलं. उस्ताद वेटोळ्यांना हात लावून म्हणाला, "वायर एकदम सही है साब. मच्छी से पूछो." मामा परत आले आणि चुंबक पुन्हा चालू झाला.

दुसरा कोणी असता तर नशीब म्हणून गप्प बसला असता. मी बसलेच होते. सरांनी मामांच्या रजेचा अर्ज काढला, त्यावरचं 'तपासले' बघितलं, तारखा अंड्यांच्या तक्त्याशेजारी मांडल्या. मग दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा मांडल्या. मग मामांना व्हरांड्यात उभं केलं आणि त्यांच्या अंगावरून होकायंत्र फिरवायला सुरुवात केली. प्रयोगशाळेच्या दारात मी उभी.

"मामा, तोंड उघडा. दात बसवलेत का?"

"माझंच हायेत सर."

"पायात सळई? कधी अपघात?"

"नाय बा. पाय धड हायेत."

"मग तुमच्या अंगात आहे तरी काय? तुम्ही आलात की चुंबक चालतो, गेलात की बंद पडतो!"

"माझ्यात काय असणार सर?" मामा बिचारे घाबरून गेले. "म्या काय करत नाय. सकाळचा दिवा तेवढा लावतो."

"कुठला दिवा?"

"आता काय सांगावं! तुम्हीच तर लिवून दिलंय."

मामा त्यांना दाराशी घेऊन गेले आणि तक्त्यावर बोट ठेवलं. सरांनी दोऱ्यानं बांधलेला चष्मा नीट केला आणि चारही ओळी मोठ्यानं वाचल्या. निरांजन, वात, तूप, काडेपेटी. चारही वेळा 'तपासले.'

"वस्तू सगळ्या तपासल्या," ते हळूच म्हणाले. "ज्योत तपासायची राहिली."

त्या आठवड्यात सरांनी मामांना निरांजन डाव्या ओट्यावर ठेवायला सांगितलं. मामांना ते पटलं नाही, पण ठेवलं. तिसऱ्या दिवशी डावीकडची पिल्लं आधी बाहेर आली. सरांनी तारेची वीज बंद केली, तरी डावीकडचीच आधी आली. थर्मामीटरची लोखंडी कडी त्यांनी स्वतः ओढून काढली आणि थर्मामीटर दोन्ही बश्यांत बुडवून बघितला. मग मला म्हणाले, "सकाळी मामांच्या मागोमाग तूच येतेस. तुला कधी दिसला नाही दिवा?"

"नाही सर," मी म्हटलं.

सरांनी माझ्यावर होकायंत्र फिरवलं नाही. मान हलवली आणि म्हणाले, "प्रबंध परत लिहावा लागेल." मला इतका संताप आला! सरांचा, मामांचा, त्या निरांजनाचा. घरी जाताना बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून रडले. रडताना मला पक्कं ठाऊक होतं, की रागावायचा हक्क या तिघांतल्या कोणावरही मला नाही.

मामा दोन दिवस सरांसमोर येईनात. शेवटी सरांनीच त्यांना हाक मारली.

"सर, माझ्यामुळं लई वंगाळ झालं ना?"

"नाही मामा. वाईट माझ्यामुळं झालं असतं. तुमच्यामुळं कळलं."

समिती आली त्या दिवशी प्राचार्यांनी सरांच्या हातापाया पडून सांगितलं, आज तेवढं गप्प राहा, पाटी आधीच लावून झाली आहे. सर उभे राहिले आणि म्हणाले, "या पाटीवरचं खोटं आहे. चुंबकानं काही झालं नाही. जे झालं ते आमच्या मामांच्या दिव्याच्या उबेनं झालं. चूक माझी." प्राचार्यांनी डोळे मिटले. पण समितीचे अध्यक्ष खुर्चीत पुढं सरकले. "दिवा? म्हणजे आपला पारंपरिक? वा! परंपरा आणि विज्ञानाचा संगम!" सर परोपरीनं सांगत राहिले, की अहो, परंपरा नव्हे, तापमान. कोणी ऐकेना. मामांना शाल-श्रीफळ मिळालं, कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली आणि महिन्याभरात नवी पाटी लागली : 'पारंपरिक दीप-मत्स्य संशोधन केंद्र.' सर त्या पाटीखालून जाताना मान खाली घालत. मामा शाल घेऊन सरांकडं आले आणि विचारलं, "हिच्यात काही लोखंडी नाय ना सर?" त्या दिवसांत सरांना मी एवढं एकदाच हसताना पाहिलं.

नवा प्रबंध लिहायला तीन वर्षं लागली. त्यात उजेडाचं वेगळं, उबेचं वेगळं, चुंबकाचं वेगळं. शेवटी निष्कर्ष एवढासाच, की आमच्या वेटोळ्यांनी माशांच्या अंड्यांना आम्हाला दिसेल असं काही केलं नाही. दरम्यान सर निवृत्त झाले, त्यांची जागा दुसऱ्याला गेली. मला जागा मिळाली ती फार पुढं, तो दुसरा बदलून गेल्यावर. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, पहिली चूक कशी सापडली? मी म्हटलं, सरांनी शोधली. तेही खरंच होतं आणि सर मागच्या बाकावर बसून ऐकत होते.

आता ती प्रयोगशाळा माझ्याकडं आहे. मामा गावी मेंढरांत परत गेले. टोपली तीच, पाटी तीच. दाराच्या तक्त्यात मात्र मी एक रकाना वाढवला : 'आत काय दिसले.' जो आत जाईल त्यानं बाहेर येताना भरायचा. पोरं कंटाळतात. 'काही नाही' लिहून पळतात. मी त्यांना परत बोलावते.

गेल्या हिवाळ्यात सर आले. स्कूटर कडुनिंबाखाली लावून, आता काठी टेकत. काठी वेताची. दारात थांबून त्यांनी तक्ता वरपासून वाचायला घेतला. मला पळून जावंसं वाटलं, कारण नव्या रकान्यातली पहिली ओळ माझी आहे. तिथं माझं नाव आहे, त्या सकाळची तारीख आहे, आणि पुढं लिहिलंय : 'उजव्या ओट्यावर दिवा. काच कोमट. सांगितले नाही.'

सर ती ओळ पुन्हा वाचत होते. मग खिशातून पेन काढलं, ओळीपुढं 'तपासले' लिहिलं आणि खाली सही केली. तारीख मात्र त्यांनी आजची घातली नाही. मी खोटं बोलले होते त्या दिवसाची घातली.

पेनाचं टोपण लावत ते माझ्याकडं वळले. गळ्यातलं होकायंत्र वर उचललं.

"पिना काढल्यास का?"

माझे केस आता निम्मे पांढरे झालेत. मी दारात उभी राहून एकेक पिन काढली आणि टोपलीत टाकली.